स्टुडिओ ५४ : बदलते मालक, बदलते दिवस (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात, ब्रॉडवे आणि आठवा अ‍ॅव्हेन्यू यांच्या दरम्यान, पश्चिम ५४ व्या रस्त्यावर २५४ क्रमांकाची एक इमारत उभी आहे. स्टुडिओ ५४ हा जगप्रसिद्ध नाइटक्लब तिथे चालत असे. त्याच्याविषयी जे काही सांगितले जाते, ते बहुतेक सगळे १९७७ ते १९८० या जेमतेम ३३ महिन्यांतले आहे. इमारत मात्र १९२७ पासून उभी असून तिने ऑपेरा, दूरचित्रवाणी, रॉक संगीत आणि नाटक असे अनेक धंदे पाहिले आहेत. पुढील प्रश्नांची उत्तरे मालकी, परवाने आणि पैसा यांच्या अंगाने दिली आहेत. तिथे कोण कोणाबरोबर नाचत होते, याच्या याद्या इतरत्र पुष्कळ मिळतात.

या जागेला स्टुडिओ ५४ हे नाव कसे पडले?

क्लब सुरू होण्यापूर्वी ही जागा सीबीएस या प्रसारण कंपनीकडे होती आणि तिथे तिचा ‘स्टुडिओ ५२’ होता. त्या ५२ चा रस्त्याशी संबंध नव्हता; तो कंपनीच्या स्टुडिओंचा अनुक्रमांक होता. नव्या मालकांनी ‘स्टुडिओ’ हा शब्द ठेवला आणि पुढे रस्त्याचा क्रमांक जोडला. ज्या नावासाठी पुढे लोकांनी लाखो डॉलर मोजले, त्याचा जन्म असा साध्या पत्त्यातून झाला.

नाइटक्लब होण्यापूर्वी या इमारतीत काय होते?

फॉर्च्यून गॅलो या इटालियन वंशाच्या संयोजकाने ती ऑपेरागृह म्हणून बांधवून घेतली. त्याची सान कार्लो ऑपेरा कंपनी गावोगाव फिरून सामान्य माणसाला परवडेल अशा दरात ऑपेरा दाखवीत असे, आणि मॅनहॅटनमध्ये आपले स्वतःचे घर असावे अशी त्याची इच्छा होती. ८ नोव्हेंबर १९२७ रोजी पुच्चिनीच्या ऑपेराने या ‘गॅलो ऑपेरा हाऊस’चा पडदा उघडला, परंतु धंदा जमला नाही, पाठोपाठ १९२९ ची मंदी आली आणि इमारतीचे हातबदल सुरू झाले.

त्यांतला एक हातबदल फारसा कोणाच्या लक्षात नसतो. अमेरिकेतील मद्यबंदी उठली त्या सुमारास, १९३३ च्या अखेरीस, बिली रोझ या नाट्यव्यावसायिकाने येथे खुर्च्यांच्या जागी टेबले मांडून ‘कॅसिनो द पारी’ नावाचे स्थळ सुरू केले, जिथे लोक जेवता-पिताना रंगमंचावरचा कार्यक्रम पाहत. म्हणजे या इमारतीत रात्रीची मैफल भरवणारे, स्टुडिओ ५४ काढणारे स्टीव्ह रुबेल आणि इयान श्रेगर हे पहिले नव्हेत. त्यांच्याआधी ४० हून अधिक वर्षे तो प्रयोग होऊन गेला होता आणि तोही अल्पायुषी ठरला होता. त्यानंतर काही काळ सरकारी रोजगार योजनेखालील संगीताचे कार्यक्रम येथे झाले. १९४० च्या दशकाच्या आरंभी सीबीएसने ताबा घेतला आणि आधी नभोवाणी, मग दूरचित्रवाणी, असे साधारण तीन दशके येथून प्रक्षेपण चालले.

आपल्याकडे मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊसचा प्रवास ज्यांना ठाऊक आहे (ऑपेरा, नाटक, मग चित्रपट, १९९३ मध्ये कुलूप आणि २०१६ मध्ये पुन्हा पडदा), त्यांना या इमारतीची कुळकथा अनोळखी वाटणार नाही.

स्टीव्ह रुबेल आणि इयान श्रेगर यांच्या हाती ही जागा कशी आली?

दोघेही ब्रुकलिनचे, सिरॅक्यूज विद्यापीठात त्यांची मैत्री झाली. रुबेल स्टेक विकणारी उपाहारगृहे चालवीत असत, श्रेगर वकील होते. क्वीन्स भागात त्यांनी ‘एन्चँटेड गार्डन’ नावाचा डिस्को काढला होता आणि तो बरा चालत होता. पण क्वीन्स हे उपनगर. मॅनहॅटनच्या लोकांना नदी ओलांडून तिथे नाचायला जाणे कमीपणाचे वाटे. सीबीएसने सोडलेली इमारत मिळते आहे असे कळल्यावर त्यांनी जॅक दुशे या तिसऱ्या भागीदाराच्या पैशाच्या जोरावर उडी घेतली.

ही उडी शक्य झाली त्याला शहराची अवस्थाही कारणीभूत होती. १९७५ मध्ये न्यूयॉर्क महापालिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर पोहोचली होती. टाइम्स स्क्वेअर आणि त्याच्या उत्तरेकडचा हा पट्टा अंधारानंतर टाळावा असा मानला जाई, आणि मोठ्या जागांना गिऱ्हाईक नव्हते. सुस्थितीतल्या शहरात दोन तिशीतल्या तरुणांना एवढे मोठे नाट्यगृह परवडले असते असे वाटत नाही.

सुमारे ४ लाख डॉलर आणि अवघे सहा आठवडे एवढ्यात नूतनीकरण उरकून २६ एप्रिल १९७७ रोजी क्लब उघडला. कोणाला बोलवायचे याची सूत्रे कार्मेन दालेसिओ यांच्याकडे होती. फॅशन, चित्रकला आणि चित्रपट या तिन्ही जगांतले पत्ते त्यांच्या वहीत होते, आणि पहिल्या रात्रीच्या गर्दीचे श्रेय मालकांच्या बरोबरीने त्यांनाही द्यायला हवे.

क्लबच्या यशाचे खरे कारण काय मानावे?

प्रसिद्ध चेहरे हे उत्तर सगळे देतात. माझ्या मते मुख्य कारण छतात होते.

त्या काळातले बहुतेक डिस्को म्हणजे बसक्या छताचा हॉल, एका कोपऱ्यात तबकड्या लावणारा आणि डोक्यावर फिरणारा आरशांचा गोळा. स्टुडिओ ५४ मध्ये नाचण्याची जागा प्रत्यक्ष रंगमंचावर आणि त्याच्या पुढ्यात होती, आणि वर नाट्यगृहाचा सगळा उंच पोकळ भाग, दोर, कप्प्या आणि आडवे दांडे यांसह जसाच्या तसा शाबूत होता. नाटकात ज्या यंत्रणेने राजवाड्याचा पडदा वर जातो आणि अरण्याचा खाली येतो, तीच यंत्रणा येथे नाचणाऱ्यांच्या डोक्यावर चालवली गेली. प्रकाशयोजना जूल्स फिशर आणि पॉल मॅरँट्झ यांच्याकडे होती, आणि फिशर हे ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, मान्यता पावलेले प्रकाशयोजनाकार होते. दिव्यांचे उभे खांब गर्दीत खाली उतरत आणि पुन्हा वर खेचले जात. पडदे पडत, देखावे बदलत. त्यामुळे दर थोड्या वेळाने आपण वेगळ्याच ठिकाणी आहोत असे नाचणाऱ्याला वाटे. बाल्कनीतल्या खुर्च्या काढलेल्या नव्हत्या. दमलेला माणूस वर जाऊन बसे आणि खाली चाललेला प्रयोग पाही, ज्यात थोड्या वेळापूर्वी तो स्वतःच पात्र होता.

या यंत्रणेचे सर्वांत गाजलेले दृश्य चंद्राचे होते. मानवी चेहऱ्याचा, बाजूने दिसणारा एक प्रचंड चंद्र एकीकडून अवतरे. दुसरीकडून एक चमचा झुलत त्याच्या नाकाशी येई आणि दिवे लुकलुकत नाकात चढत. कोकेनचा हा उघड निर्देश होता आणि खाली उभ्या असलेल्या गर्दीतून त्याला दाद मिळे. कर आणि कायदा यांच्याकडे पाहण्याची मालकांची वृत्ती काय होती, याचा अंदाज त्या चमच्यावरूनही बांधता येतो.

दारूचा परवाना नसताना क्लब सुरू कसा झाला?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण पुढच्या मालकाची गाडीही याच खडकावर अडली.

क्लब उघडला तेव्हा नियमित परवाना हाती आलेला नव्हता. लग्न किंवा मेजवानी अशा प्रसंगी मद्य पुरवण्यासाठी दिला जाणारा एका दिवसाचा परवाना मालक रोज नव्याने काढत असत. म्हणजे कागदोपत्री रोज रात्री तिथे नवे ‘कार्य’ असे. आपल्या महाराष्ट्रात एक दिवसाचा परवाना पिणाऱ्याच्या नावाने निघतो. न्यूयॉर्कचा तो परवाना पुरवणाऱ्याच्या नावाने होता, एवढाच फरक. महिना उलटण्याच्या आतच, मे १९७७ मध्ये, राज्याच्या मद्य प्राधिकरणाने धाड घातली. दुसऱ्या रात्री क्लब पुन्हा उघडला आणि बारवर फळांचे रस व सोडा मिळू लागला. गर्दी कमी झाली नाही. नियमित परवाना न्यायालयात झगडून ऑक्टोबर १९७७ मध्ये मिळाला.

मद्याशिवायही काही महिने क्लब भरलेला राहिला, ही गोष्ट मालकांच्या डोक्यात गेली असावी. आपल्याला नियम अडवू शकत नाहीत असा समज तिथूनच पक्का झाला, असे माझे मत आहे.

बियांका जॅगर खरोखरच पांढऱ्या घोड्यावरून क्लबात आल्या होत्या का?

नाही. २ मे १९७७ रोजी हॅल्स्टन या फॅशन रचनाकाराने, रॉक गायक मिक जॅगर यांच्या तेव्हाच्या पत्नी असलेल्या बियांका यांच्या वाढदिवसानिमित्त मेजवानी दिली होती आणि घोडा मालकांनी आधीच आत आणवला होता. त्यावर त्या काही क्षण बसल्या आणि छायाचित्रे निघाली. २०१५ मध्ये ‘फायनान्शियल टाइम्स’ला पत्र लिहून त्यांनी स्वतः हा खुलासा केला. मात्र ३८ वर्षे खुलासा न झाल्याचा फायदा क्लबला मिळाला. जाहिरातीवर दमडी खर्च न करता हे नाव जगभरच्या वृत्तपत्रांत पोहोचले.

दारावर लोकांची निवड कशी होत असे?

फुटपाथवर मखमली दोरी, तिच्या अलीकडे शेकडो माणसे आणि पलीकडे मार्क बेनेक हा एकोणीस वर्षांचा द्वारपाल. अनेकदा रुबेल स्वतः एखाद्या उंचवट्यावर चढून बोट दाखवीत. पैसा असणे पुरेसे नव्हते. श्रीमंत पण कंटाळवाणा माणूस बाहेर राहू शके आणि चित्रविचित्र पोशाख केलेला बेकार तरुण आत जाऊ शके. रुबेल याला सॅलड कालवण्याची उपमा देत. आपल्याकडच्या माणसाने भेळेची दिली असती. समलिंगी पुरुष, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो नर्तक, उच्चभ्रू वृद्धा आणि चित्रपटतारे एकाच वेळी आत दिसत, ही या निवडीची जमेची बाजू.

उणी बाजू म्हणजे दुखावलेली माणसे. १९७७ च्या शेवटच्या रात्री शिक या वाद्यवृंदाचे नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांना गायिका ग्रेस जोन्सने बोलावले होते. पण दारावर त्यांचे नाव नव्हते आणि त्यांना परत पाठवण्यात आले. घरी जाऊन त्यांनी द्वारपालाला उद्देशून शिवीगाळ करणारी एक चाल बांधली. शिवी वगळून तयार झालेले ते गाणे पुढच्याच वर्षी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले आणि याच क्लबात वाजू लागले. सगळ्यांच्याच अपमानाचे असे सोने झाले नाही. बाहेर ताटकळलेल्या हजारो लोकांच्या मनात या क्लबाविषयी अढी बसली, आणि मालक अडचणीत आले तेव्हा शहरात त्यांच्यासाठी हळहळणारे कमी आणि ‘बरे झाले’ म्हणणारे अधिक निघाले.

करचुकवेगिरीचे प्रकरण नेमके काय होते?

रोखीचा धंदा, रोज रात्री भरणारा गल्ला आणि त्यातली मोठी रक्कम वहीत चढण्याआधीच बाजूला काढण्याची सवय. रुबेल यांना बोलण्यावर ताबा नव्हता. आपल्यापेक्षा जास्त कमाई फक्त माफियाची होते, अशा अर्थाचे विधान त्यांनी छापून येईल अशा ठिकाणी केले. कर अधिकाऱ्यांना इतके आयते निमंत्रण क्वचितच कोणी दिले असेल.

१४ डिसेंबर १९७८ रोजी सकाळी धाड पडली. इमारतीत ठिकठिकाणी, अगदी छताच्या पोकळीतसुद्धा, कचऱ्याच्या पिशव्यांमधून नोटा सापडल्या. सुमारे २५ लाख डॉलरचे उत्पन्न दडवल्याचा आरोप ठेवण्यात आला. रॉय कोन या नामांकित वकिलासह मोठी फौज उभी करूनही उपयोग झाला नाही. नोव्हेंबर १९७९ मध्ये रुबेल आणि श्रेगर या दोघांनी गुन्हा कबूल केला आणि १८ जानेवारी १९८० रोजी न्यायालयाने प्रत्येकी साडेतीन वर्षांचा तुरुंगवास व २० हजार डॉलर दंड सुनावला.

मधल्या काळात सुटकेची वाट शोधताना त्यांनी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचे सहकारी हॅमिल्टन जॉर्डन यांनी क्लबात कोकेन घेतल्याचा आरोप केला. १९७८ च्या नव्या कायद्याखाली पहिल्यांदाच विशेष अभियोक्ता नेमावा लागला. १९८० मध्ये त्याने खटला भरण्याजोगे काही नाही असा निर्वाळा दिला. जॉर्डन निर्दोष सुटले, पण देशाच्या कारभाराला या क्लबाने काही महिने घोर लावला होता.

मालक तुरुंगात गेल्यावर क्लब कोणाकडे गेला?

२ फेब्रुवारी १९८० च्या रात्री निरोपाची मेजवानी झाली. डायना रॉस आणि लायझा मिनेली गायल्या, आणि दोन दिवसांनी रुबेल व श्रेगर तुरुंगात हजर झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस दारूचा परवाना गेला आणि त्यानंतर लवकरच दारे बंद झाली.

खरेदीदार मार्क फ्लाइशमन हे हॉटेल व उपाहारगृह व्यवसायातले होते. वाटाघाटींसाठी ते तुरुंगात जाऊन मालकांना भेटले, आणि व्यवहार ४७ लाख ५० हजार डॉलरला ठरला. या रकमेत भिंती आणि दिवे होतेच. पण मुख्यतः नाव होते. अडचण अशी की परवाना पुन्हा मिळवायचा तर जुन्या, शिक्षा झालेल्या मालकांपासून अंतर राखलेले दिसायला हवे, आणि क्लब चालवायचा तर त्याच जुन्या मालकांची ओळखपाळख हवी. म्हणून सासुरवाशिणीने माहेरचे नाव घ्यायचे नाही पण शिदोरी मात्र तिथलीच आणायची, अशी काहीशी कसरत सुरू झाली. जानेवारी १९८१ च्या अखेरीस सुटका झाल्यावर रुबेल आणि श्रेगर काही काळ सल्लागार म्हणून मदतीला आले, आणि सप्टेंबर १९८१ मध्ये क्लब पुन्हा उघडला.

दुसऱ्या मालकाच्या काळात क्लबला पूर्वीची कळा का आली नाही?

फ्लाइशमन यांना धंदा येत नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. पहिल्या रात्री रस्ता तुडुंब होता आणि पुढची दोन-तीन वर्षे क्लब चालला. आठवड्याच्या वेगवेगळ्या रात्री वेगवेगळ्या वर्गासाठी राखून, आयोजकांमार्फत गर्दी आणवून त्यांनी गल्ला भरता ठेवला. रुबेल यांच्या पद्धतीच्या हे अगदी उलट होते. रुबेल सगळ्यांना एका रात्रीत कालवत असत. फ्लाइशमन यांनी प्रत्येक पदार्थ वेगळ्या ताटात वाढला. हिशेबाच्या दृष्टीने त्यांचे बरोबर होते, पण ज्या कालवण्यासाठी लोक ताटकळत उभे राहत, तेच नाहीसे झाले.

बाकीची कारणे कोणाच्याही हातातली नव्हती. डिस्को संगीताविरुद्ध लाट उसळली होती. जुलै १९७९ मध्ये शिकागोच्या एका बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवण्यात आला आणि सामना रद्द करावा लागला. क्लब पुन्हा उघडण्याच्या तीनच महिने आधी, ५ जून १९८१ रोजी, अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने पाच तरुण पुरुषांच्या अनाकलनीय न्यूमोनियाची नोंद प्रसिद्ध केली होती. तोच आजार पुढे एड्स म्हणून ओळखला गेला. जे लोक या क्लबचा प्राण होते, त्यांच्यातल्या अनेकांना पुढच्या काही वर्षांत या रोगाने नेले, आणि उरलेल्यांच्या रात्री भीतीने व्यापल्या. स्पर्धाही वाढली. १९८३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘एरिया’ आणि ‘लाइमलाइट’ हे क्लब उघडले, त्यांतला दुसरा चक्क एका जुन्या चर्चच्या इमारतीत.

कायद्याने तरुण गिऱ्हाईकही काढून घेतले. राज्यात मद्यपानाचे किमान वय १८ होते. ते डिसेंबर १९८२ मध्ये १९ आणि डिसेंबर १९८५ मध्ये २१ झाले. ज्या क्लबच्या द्वारपालाचेच वय एकोणीस होते, त्याला या बदलाचा फटका किती बसला असेल याचा हिशेब करायला मुनीम नको.

फ्लाइशमन यांनी स्वतः नंतर आठवणी लिहिल्या आणि त्या दिवसांत आपणही अमली पदार्थांच्या आहारी गेलो होतो हे त्यात लपवले नाही. १९८४ मध्ये ते बाहेर पडले.

क्लब कायमचा बंद केव्हा आणि कशामुळे झाला?

१९८६ मध्ये, आणि कारण अत्यंत रूक्ष होते : विमा. त्या एक-दोन वर्षांत अमेरिकेत दायित्व विम्याचे हप्ते भडकले होते आणि अनेक विमा कंपन्या गर्दीच्या, मद्याच्या ठिकाणांना दारातही उभे करत नव्हत्या. आत कोणी पडले, झडले, भाजले तर भरपाई कोण देणार, याचे उत्तर नसलेला नाइटक्लब उघडा ठेवता येत नाही. पोलिसांच्या धाडीपेक्षा हा शेवट साधा वाटतो खरा, म्हणूनच बहुधा तो कोणी सांगत नाही.

त्यानंतर इमारतीत काय चालले?

१९८९ मध्ये ‘द रिट्झ’ हे रॉक संगीताचे नावाजलेले स्थळ ईस्ट व्हिलेजमधून येथे आले आणि काही वर्षे राहिले. ध्वनी आणि रंगमंच यांची सोय होती, त्यामुळे मैफिली चांगल्या होत. पण त्यांना इमारतीच्या पूर्वपुण्याईची गरज नव्हती. रिट्झ गेल्यावर अर्धनग्न नृत्याचा क्लबही येथे चालवून पाहण्यात आला. त्याबद्दल अधिक लिहिण्याजोगे काही नाही.

इमारत विकत घेतली म्हणजे ‘स्टुडिओ ५४’ हे नावही मिळते का?

मिळतेच असे नाही. नाव आणि वास्तू यांची वाट पुढे वेगळी झाली. १९९७ मध्ये लास वेगासच्या एमजीएम ग्रँड या हॉटेलात ‘स्टुडिओ ५४’ नावाचा नाइटक्लब उघडला आणि तो २०१२ पर्यंत चालला. म्हणजे या नावाखाली नाच सर्वांत जास्त काळ झाला तो ५४ व्या रस्त्यापासून हजारो किलोमीटर दूर, वाळवंटातल्या एका जुगारघरात. मूळ क्लबच्या पहिल्या पर्वाच्या पाचपट आयुष्य त्याला लाभले, तरी त्याची एकही दंतकथा झाली नाही.

मूळ इमारतीतही एकदा जुना खेळ मांडून पाहण्यात आला. १८ ऑक्टोबर २०११ रोजी सिरियस एक्सएम या रेडिओ कंपनीने एका रात्रीपुरता क्लब पुन्हा उघडला होता.

इमारत पुन्हा नाट्यगृह कशी झाली?

एका अपघातामुळे. ‘राउंडअबाउट थिएटर कंपनी’ या ना-नफा तत्त्वावरील संस्थेने १९९८ मध्ये ‘कॅबरे’ या संगीतिकेचा नवा प्रयोग ४३ व्या रस्त्यावरच्या एका नाट्यगृहात लावला होता. जुलै १९९८ मध्ये शेजारच्या बांधकामावरील मालवाहू लिफ्टचा सांगाडा कोसळला, रस्ता बंद झाला आणि प्रयोग थांबले. पर्यायी जागा शोधताना संस्थेची नजर स्टुडिओ ५४ वर गेली. या संगीतिकेचे कथानक बर्लिनमधल्या एका उतरत्या कळेच्या नाइटक्लबात घडते आणि प्रेक्षकांना टेबलांभोवती बसवण्याची दिग्दर्शक सॅम मेंडिस व रॉब मार्शल यांची योजना होती. म्हणजे झिजलेला, रंग उडालेला खरा नाइटक्लब आयताच मिळाला. नोव्हेंबर १९९८ मध्ये प्रयोग येथे सुरू झाला आणि जानेवारी २००४ पर्यंत, एकूण २,३७७ प्रयोग होईपर्यंत चालला.

दरम्यान २००३ मध्ये संस्थेने इमारत २ कोटी २५ लाख डॉलरला विकत घेतली. तात्पुरता आसरा म्हणून आलेले बिऱ्हाड असे घरमालक झाले. संस्था आपले उत्पन्न तिकिटे, वर्गणीदार आणि देणग्या यांतून उभे करते. गल्ल्यातल्या रोकडीवर तिचा कारभार चालत नाही, आणि दारूच्या परवान्यावर तिचा पडदा अवलंबून नाही.

रुबेल आणि श्रेगर यांचे पुढे काय झाले?

नाइटक्लबचा परवाना त्यांच्या नावावर मिळणे अशक्यप्राय झाल्याने ते हॉटेलांकडे वळले. १९८४ मध्ये मॅडिसन अ‍ॅव्हेन्यूवर त्यांनी ‘मॉर्गन्स’ हे छोटेखानी हॉटेल उघडले; अंतर्गत सजावट आंद्रे पुतमान या फ्रेंच रचनाकार बाईंची. आज ज्याला सर्रास बुटिक हॉटेल म्हणतात, त्या प्रकाराची सुरुवात बहुतेक जण येथून धरतात. १९८५ मध्ये १४ व्या रस्त्यावरील एका जुन्या नाट्यगृहात ‘पॅलेडियम’ हा भव्य क्लब निघाला; त्यामागे हेच दोघे होते आणि आतली रचना जपानी वास्तुरचनाकार अराता इसोझाकी यांची होती. आपण विकलेल्या जुन्या क्लबचे गिऱ्हाईक त्यांनी स्वतःच असे पळवले. पॅलेडियम पुढे पाडण्यात आला आणि तिथे न्यूयॉर्क विद्यापीठाचे वसतिगृह उभे राहिले.

रुबेल २५ जुलै १९८९ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी, एड्सशी निगडित आजाराने गेले. श्रेगर यांनी हॉटेल व्यवसायात मोठे नाव मिळवले. १७ जानेवारी २०१७ रोजी, पद सोडण्याच्या तीन दिवस आधी, राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी त्यांना माफी दिली. फ्लाइशमन यांचे २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये निधन झाले.

सर्व मालकांमध्ये सर्वांत यशस्वी कोणाला म्हणावे?

निकष कोणता, यावर उत्तर बदलते. कीर्ती पाहिली तर रुबेल आणि श्रेगर यांच्या जवळपास कोणी नाही. टिकाऊपणा पाहिला तर सीबीएस आणि राउंडअबाउट. सीबीएसने साधारण तीन दशके जागा वापरली, राउंडअबाउटला पाव शतकाहून अधिक काळ झाला आहे. दोघांनीही इमारतीला तिच्या मूळ कामाला, म्हणजे रंगमंच आणि त्यासमोर बसलेले लोक यांना जुंपले. फ्लाइशमन यांच्यावर मी थोडा वेळ जास्त घालवला, कारण त्यांच्या वाट्याला सर्वांत कठीण काम आले. त्यांनी विकत घेतलेले नाव जगभर दुमदुमत होते, पण ते नाव ज्यांनी कमावले ती माणसे, तो काळ आणि तो निष्काळजीपणा यांपैकी काहीच खरेदीखतात येत नव्हते.

आज तिथे गेल्यास काय पाहायला मिळते?

साधारण १,००० आसनांचे ब्रॉडवे नाट्यगृह. प्रयोगाचे तिकीट असेल तर आत जाता येते. दारावर नाव विचारत नाहीत, पोशाख पाहत नाहीत. तळघरात २०१२ पासून ‘५४ बिलो’ हे जेवणासह गाण्याच्या मैफिली ऐकवणारे स्थळ आहे. खाली जाण्यासाठी टेबल आधी राखून ठेवावे लागते. तळघराचीही एक जुनी ओळख आहे : रुबेल यांच्या काळात खास पाहुण्यांना गर्दीतून बाजूला काढून खालीच नेत असत, आणि तिथे पोहोचायला तिकीट किंवा आरक्षण यांपैकी काहीच चालत नसे.

नाट्यगृहात शक्य असेल तर बाल्कनीतली जागा घ्यावी. दिवे मंदावण्यापूर्वी मान वर करून पाहिले, तर गॅलोच्या ऑपेरागृहाचे नक्षीकाम केलेले छत दिसते. आणि पडदा वर गेला की तो जिथे जातो, त्याच पोकळीतून कधीकाळी चंद्र खाली येत असे.